मामाचा तलाव

लहानपणी माझी एक पक्की समजूत होती की गोंदिया जिल्ह्यातले सगळे तलाव माझ्या मामाचे आहेत. उन्हाळ्याच्या सुट्टीत आईबरोबर आजोळी जायचो. गोंदियाला उतरायचं, कामठ्याकडे जाणारी गाडी धरायची, बिरसीच्या अलीकडे उतरून पुढे चालत. वाटेत दिसेल त्या पाण्याकडे बोट दाखवून "हे कुणाचं?" म्हणून विचारलं, की कुणीही तेच सांगायचं, "हा मामा तलाव होय." मी पुण्याच्या शाळेत येऊन यावर काय काय फुशारक्या मारल्यात ते इथे सांगत नाही. नववीत कधीतरी कळलं की 'मामा' म्हणजे 'माजी मालगुजारी', सरकारी कागदांवरचं लघुरूप! माझ्या मामाच्या मालकीचं म्हणाल तर चार एकर धानाच्या बांध्या आणि त्यांच्या वरच्या अंगाला एक बोडी. बोडी म्हणजे तलावाचं धाकटं भावंड.

हे सगळं आत्ता आठवायचं कारण म्हणजे माझ्या हातून होता होता राहिलेला एक घोटाळा.

२०२४ च्या एप्रिलमधली गोष्ट. आमच्या कंपनीला पर्यावरणासाठी 'काहीतरी भरीव' करायचं होतं. भरीव म्हणजे पाच हजार झाडं, एक बॅनर आणि ड्रोनने काढलेला व्हिडिओ. मी मीटिंगमध्ये उत्साहाने हात वर केला, त्यामुळे जागा शोधायचं काम अर्थातच माझ्याकडे आलं. एका शनिवारी दुपारी सॅटेलाइट नकाशा उघडून बसलो आणि सवयीने बिरसीला गेलो. वरून पाहिलं की तिथे आधी दिसते ती विमानतळाची धावपट्टी. १९४० च्या सुमारास दुसऱ्या महायुद्धासाठी इंग्रजांनी ती बांधली. मग कित्येक वर्षं ती तशीच पडून होती. पुढे तिथे वैमानिकांचं प्रशिक्षण सुरू झालं आणि मार्च २०२२ मध्ये पहिलं नियमित प्रवासी विमान उतरलं. धावपट्टीच्या भोवती मात्र सगळं जुनंच चित्र: हिरव्या चौकोनी बांध्या, मध्ये मध्ये निळे ठिपके. आणि मामाच्या बोडीच्या वर, हलक्या चढावर, एक मोठा तपकिरी डाग. झाड नाही, शेत नाही, घर नाही. रिकामी जागा! मी स्क्रीनशॉट घेतला, त्यावर लाल चौकोन काढला आणि मामाला फोन लावला.

आमच्या त्या भागात मामा भाच्याच्या पाया पडतो आणि भाच्याला 'तुम्ही' म्हणतो. मी पस्तिशीला आलो तरी मला याचा संकोच वाटतो, पण त्या दिवशी त्या 'तुम्ही'चा आवाज जरा वेगळाच लागला.

"रिकामी कोन म्हनते, भाचे? ढोरं तिथंच जातेत. तेंदूचा पाला तिथंच तोडतेत. अन् बोडीत पानी कुठून येते, आभायातून?"

"मामाजी, झाडं लावतोय हो. झाडांनी पाणी वाढतं ना?"

"लावा ना. पन मशीननं खड्डे खनसाल, अन् पहिल्या पान्यात थे माती कुठं जाईन थे सांगा."

मला उत्तर आलं नाही. पुढचे कित्येक वीकेंड मी या एका वाक्याच्या मागे लागलो. त्यातून जे हाती आलं ते इथे लिहितोय.

तर, गोष्ट मालगुजारांच्याही आधी सुरू होते. वैनगंगेच्या खोऱ्यात पाऊस भरपूर, पण तो येतो चार महिन्यांत आणि धानाला शेवटचं पाणी लागतं सप्टेंबरच्या अखेरीस नाहीतर ऑक्टोबरात, नेमका पाऊस हात आखडता घेतो तेव्हा. तेवढं एक पाणी चुकलं की लोंबी पोचट राहते. म्हणजे इथे दुष्काळ हा पाऊस न पडल्याने येतोच असं नाही, पंधरा दिवस चुकल्यानेही येतो. यावरचं उत्तर चांद्याच्या गोंड राजांच्या काळात सापडलं. परंपरा अशी सांगते की जो तलाव बांधेल त्याला त्या पाण्याखालची जमीन मिळायची. अशा जमिनीला 'तुकूम' म्हणत. चंद्रपूर शहरात तुकूम नावाचा भाग आजही आहे, तिथे राहणाऱ्या किती जणांना हे माहीत असेल कोण जाणे.

तलाव बांधण्यात सगळ्यात वाकबगार होता कोहळी समाज. रसेल आणि हिरालाल यांनी १९१६ मध्ये मध्य प्रांतातल्या जातीजमातींवर चार खंड काढले. त्यात कोहळ्यांची ओळखच मुळी मोठमोठ्या तलावांचे बांधकाम करणारे अशी करून दिली आहे. त्यांची आवडती पिकं धान आणि ऊस. चांद्याचा राजा काशीयात्रेला गेला आणि येताना त्यांना घेऊन आला अशी आख्यायिकाही तिथे आहे. यातला सगळ्यात नावाजलेला तलाव म्हणजे गोंदियातलाच नवेगावबांध. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला कोलू पाटील कोहळी याने तो बांधला असं मानतात. भोवतीच्या सात टेकड्यांना सातबहिणी म्हणतात, आणि कोलू पाटलाचा लोकांनी कोलासूर देव केला. जरा विचार करा, आपल्याकडे धरण बांधणाऱ्या इंजिनिअरचा कुणी देव केलाय? (आमच्या क्षेत्रात तर रिलीजच्या दुसऱ्या दिवशी नाव विसरतात.) मारुती चितमपल्लींनी वनाधिकारी म्हणून जिथे दिवस काढले आणि 'नवेगावबांधचे दिवस' लिहिलं, तो हाच परिसर.

आता या तलावांची रचना बघा. पाळ मातीची, पण ती टाकायची कुठे हे ठरतं वरच्या उतारावरून. वर जंगल किंवा गवत-झुडपांचा माळ, त्याखाली तलाव, तलावाखाली बांध्या. तलाव भरला की जादा पाणी सांडव्यावरून खालच्या तलावात, तिथून त्याखालच्या बोडीत. जंगल पाण्याचा वेग मोडतं आणि माती धरून ठेवतं, म्हणून तलावात गाळ कमी येतो. येतो तो उन्हाळ्यात गाड्या भरभरून बांध्यांत जातो. तलावाच्या तळाशी पाणवनस्पती, त्यांच्यात मासे, माशांवर ढिवरांची घरं. काठावर शिंगाडा. हे चार वेगवेगळे प्रकल्प नव्हते, एकच होता. आमच्या भाषेत सांगायचं तर यातला कुठलाही भाग एकटा 'अपग्रेड' करता येत नाही.

१८५४ मध्ये इंग्रजांनी नागपूरचं भोसल्यांचं राज्य खालसा केलं, १८६१ मध्ये मध्य प्रांत झाला आणि त्या दशकात जमीन-महसुलाची नवी व्यवस्था बसली. सारा गोळा करून भरणारा मालगुजार आता गावाचा कायदेशीर मालकच झाला. तलाव, पडीक आणि गावालगतचं जंगल त्याच्या नावावर. आपली जमीन पिकली तर आपला सारा निघेल हा हिशोब सरळ असल्याने मालगुजारांनी तलाव राखले, नवेही बांधले. पाणी कुणाला आधी, मासे कुणाचे, सरपण कुठून आणायचं, हे गावोगाव 'वाजिब-उल-अर्ज' नावाच्या कागदात लिहिलेलं असे. गावकऱ्यांच्या या हक्कांना शब्द होता निस्तार.

इथे एक थांबा घेतो, कारण अशा लेखात पुढचं वाक्य हमखास 'पूर्वी सगळं किती छान होतं' असं असतं. तसं नव्हतं. पाळीवर माती टाकणाऱ्यांत बेगारीने राबणारे होते. गोंडांच्या फिरत्या शेतीवर सरकारने बंदी आणली आणि सरकारी राखीव जंगलांतून त्यांना बाहेर ठेवलं. १८८० च्या दशकात नागपूरहून रेल्वे पूर्वेला गेली, विसाव्या शतकाच्या सुरुवातीला गोंदियाहून जबलपूरकडे सातपुड्याची छोटी लाइन निघाली. स्लीपरला लाकूड हवं होतं, विकायला मालगुजार तयार होते. १८९६-९७ आणि १८९९-१९०० च्या दुष्काळांत मध्य प्रांतात माणसं भुकेने मेली, तलाव असूनही. मालगुजारी ही काही रामराज्य नव्हती. तिच्यात एकच गोष्ट बरी होती: तलाव फुटला तर कुणाच्या दारात जाऊन ओरडायचं हे गावाला माहीत होतं.

३१ मार्च १९५१. मालगुजारी संपवणारा १९५० चा कायदा या दिवशी अमलात आला. (हा भाग तेव्हा मध्य प्रदेशात होता. १९५६ मध्ये मुंबई राज्यात आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात आला. गोंदिया जिल्हा भंडाऱ्यातून वेगळा झाला १ मे १९९९ ला.) कायदा न्याय्यच होता, त्यात वाद नाही. पण त्या दिवशी गावाच्या प्रकल्पाची वाटणी झाली. जंगल गेलं वनखात्याकडे. माळरान आणि गवताच्या जागा महसूल खात्याकडे. मोठे तलाव पाटबंधारे खात्याकडे, तर छोटे, १९६२ मध्ये जिल्हा परिषदा आल्यावर, त्यांच्याकडे. मासेमारीचा ठेका तिसरीकडेच. बांध्या तेवढ्या शेतकऱ्याच्या. कायदा येणार हे आधीच कळलेल्या मालकांनी हातातून जायच्या आत जंगलं तोडून विकली, तेही नुकसान नव्या मालकाच्या खात्यावर आलं. पूर्व विदर्भात मिळून साडेसहा हजारांवर मामा तलाव आहेत असं सरकारी आकडे सांगतात. साडेसहा हजार तलाव, आणि प्रत्येकाचे चार-पाच मालक, ज्यांची आपसांत बैठक कधी होत नाही.

आणि तो तपकिरी डाग? त्याचाही इतिहास याच वाटणीत आहे. मामाने तलाठ्याकडून उतारा काढून फोटो पाठवला. त्यावर दोन शब्द होते: झुडपी जंगल. मालगुजारांकडून सरकारकडे आलेल्या, धड दाट जंगल नाही आणि धड शेतही नाही अशा जागांना महसूल खात्याने दिलेलं हे नाव. नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली मिळून अशी सुमारे ८६ हजार हेक्टर जमीन आहे. कागदावर जंगल, पण प्रत्यक्षात पळस, बोराट्या, तेंदूची झुडपं आणि गवत. यामुळे दशकानुदशकं भांडण चाललं: विकासवाले म्हणत हे जंगलच नाही, सोडा, पर्यावरणवाले म्हणत जंगलच आहे, हात लावू नका. शेवटी २२ मे २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की झुडपी जंगल ही वनजमीनच मानायची, आणि १२ डिसेंबर १९९६ च्या आधी ज्यांना तिथे जागा दिल्या गेल्या त्यांना एकदम बेघर न करता त्या जागा नियमित करण्याचा मार्ग काढायचा. निकालाची बातमी वाचली तेव्हा मला माझा लाल चौकोन आठवला आणि घाम फुटला. आम्ही पाच हजार खड्डे एका जंगलात खणणार होतो!

पण कायदा बाजूला ठेवा. मामाचा मुद्दा कायद्याचा नव्हताच, मातीचा होता. झुडपांनी आणि गवताने बांधलेला उतार जूनच्या तोंडावर मशीनने उकरला तर पहिल्या मोठ्या सरीला सुटी माती थेट बोडीत. आणि सरी आता पूर्वीसारख्या राहिलेल्या नाहीत. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतल्या रॉक्सी कोल आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये दाखवलं की १९५० ते २०१५ या काळात मध्य भारतात मोठ्या क्षेत्रावर कोसळणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्या. म्हणजे एका दिवसात ओततो आणि मग पंधरा-वीस दिवस गायब होतो. ऑगस्ट २०२० मध्ये वैनगंगेला आलेला पूर भंडाऱ्यातले लोक विसरलेले नाहीत. एवढं पाणी अडवून नंतरच्या उघडिपीत हळूहळू सोडणारी यंत्रणा हवी म्हणून जग आता डोकं खाजवतंय, आणि आमच्याकडे ती तीनशे वर्षं बांधून तयार आहे. फक्त गाळाने भरलीय.

मग गाळ काढा की! काढतात. महाराष्ट्रात २०१७ पासून 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' योजना आहे, आणि गाळ काढायला हवाच. पण मशीन जास्त खोल गेलं तर तळाचा चिकण थर फुटून पाणी झिरपायला लागतं, पाणवनस्पती मुळासकट जातात आणि वरचा उतार उघडाच असला तर काही वर्षांत गाळ परत हजर. हे सगळ्यात नेमकं समजलं ते तलावावर जगणाऱ्यांना. अर्जुनी मोरगावकडच्या ढिवर मंडळींनी भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाच्या मनीष राजनकरांबरोबर काम करताना उलटी वाट धरली. मासे कमी झाले म्हणून बाहेरचं बीज सोडत बसण्यापेक्षा त्यांनी तलावातली बेशरम (दक्षिण अमेरिकेतून आलेली ती गुलाबी फुलांची झाडी) मुळापासून काढली, उन्हाळ्यात कोरड्या पडलेल्या तळाची नांगरट केली आणि पावसात स्थानिक पाणवनस्पती लावल्या. देशी मासे परतले, त्यांच्या मागे पक्षी. इथे झाडं लावणं म्हणजे पाण्याखाली लावणं होतं. ड्रोनला ते दिसत नाही, हीच अडचण!

जंगलाच्या बाजूनेही उदाहरण आहे. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखाला वनहक्क कायद्याखाली २००९ मध्ये सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला, देशात अगदी पहिल्यांदा मिळालेल्यांपैकी. मागोमाग गोंदियाच्या देवरी भागातल्या ग्रामसभांनाही असे हक्क मिळाले आणि त्यांनी तेंदूपानाची विक्री स्वतः करायला घेतली. निस्तार हा जुना शब्द नव्या कायद्यातून परत आला म्हणा. जंगल राखण्यात ज्याचा रोजचा फायदा आहे त्याच्या हातात ते दिलं तर आग लागल्यावर धावायला माणूस असतो.

आणि सारस! महाराष्ट्रात सारस क्रौंच पाहायचा तर गोंदिया गाठावं लागतं. बिरसीच्या जवळच्या झिलमिली-परसवाड्याच्या तलावांवरही तो दिसत आला आहे. त्याला दाट जंगल नको असतं. उथळ पाणी, धानाची बांधी आणि मोकळा माळ लागतो. त्याची घटती संख्या पाहून २०२१ मध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली. आमच्या पाच हजार झाडांनी त्याच्या माळाचं काय झालं असतं, हे मी मीटिंगमध्ये विचारलं नव्हतं. कारण मला ठाऊकच नव्हतं.

असो. शेवट सांगतो. मी कंपनीत कबूल केलं की जागा चुकली. झाडांऐवजी तलावातली बेशरम काढूया, असंही सुचवलं. समोरच्याने प्रेमाने विचारलं, "पण यात फोटो कसला काढायचा?" झाडं शेवटी दुसरीकडेच लागली. पुढच्या वर्षी मे महिन्यात आम्ही चौघं मित्र स्वतःच्या खर्चाने बिरसीला गेलो आणि गावातल्या मंडळींबरोबर तीन दिवस मामाच्या बोडीतली बेशरम उपटली. पहिल्याच दिवशी हाताला फोड. एका काकांनी माझ्याकडून कुदळ काढून घेतली आणि म्हणाले, "तुमी पानी पाजा सगळ्याइले." बरोबरच होतं त्यांचं, त्या कामात माझा तेवढाच उपयोग होता.

जेमतेम अर्धी बोडी मोकळी झाली. जुलैत मामाचा फोन आला: बोडी भरून सांडवा वाहतोय, रोवणी सुरू झाली, आणि बेशरम एका कोपऱ्यातून पुन्हा फुटलीय. वरचा तपकिरी डाग पावसाने हिरवा झालाय, ढोरं तिथेच आहेत.

तुमच्या कंपनीत झाडं लावायचा बेत असेल, तर माझ्यासारखं करू नका. जागेचा सातबारा मागवा, तिथे आत्ता कोण येतं-जातं ते विचारा, आणि तिथलं पाणी खाली कुणाच्या तलावात जातं ते पायी चालत बघून या. एक वीकेंड पुरतो.

आम्ही पुढच्या मेची तिकिटं काढलीत. अर्धी बोडी बाकी आहे.